वचन उताऱ्यातून उपटू नका : त्रैक्याविषयी वाचकांचे प्रश्न

येशू देव आहे की देवानं पाठवलेला माणूस? त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे शास्त्रात (बायबलमध्ये) आहे की मागाहून घातलेलं? या विषयावर आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. विदर्भातल्या ख्रिस्ती वस्त्यांत हा वाद नव्यानं का तापला, ते उघड आहे. नागपुरात १८४५ साली स्कॉटिश मिशन आलं. पुढे अकोला-अमरावतीकडे अलायन्स, बुलडाणा-वाशीमकडे नाझरीन, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, आणि कॅथलिक तर सगळीकडेच. यांचे आपसातले वाद बाप्तिस्म्यावर झाले, पोपवर झाले; त्रैक्यावर कधी झाले नाहीत, कारण ते सगळ्यांना मान्यच होतं. आता दारावर येणारे यहोवाचे साक्षीदार आणि ‘फक्त येशूच्या नावानं’ बाप्तिस्मा देणारे प्रचारक नेमकं तेच विचारतात, आणि मंडळीला त्याचं उत्तर द्यायची सवयच राहिलेली नाही.

प्रश्न : घरी आलेल्या दोघांनी योहान १:१ काढून दाखवलं. त्यांचं म्हणणं, मूळ ग्रीकमध्ये ‘शब्द देव होता’ असं नाही, ‘शब्द एक देव होता’ असं आहे. खरं काय? (अचलपूर तालुका)

उत्तर : इथं ‘शब्द’ म्हणजे येशू. मूळ ओळ अशी : एन आर्खे एन हो लोगोस, काय हो लोगोस एन प्रोस तोन थेओन, काय थेओस एन हो लोगोस. यातलं ‘हो’ (आणि त्याचंच रूप ‘तोन’) हे इंग्रजीतल्या ‘द’सारखं, निश्चितता दाखवणारं उपपद आहे. ‘एखादा’ या अर्थाचं उपपद ग्रीकमध्ये नाही आणि मराठीत दोन्ही नाहीत, म्हणून आपल्याला हा वाद आधी कळतच नाही. दुसऱ्या तुकड्यात ‘देव’ला उपपद आहे, तिसऱ्यात नाही. साक्षीदारांच्या इंग्रजी भाषांतरातला ‘अ गॉड’ याच फरकावर उभा आहे.

आता दोन्ही बाजूंच्या चुका बघा. उपपद नाही म्हणजे ‘एखादा देव’च, हे चालत नाही. त्याच अध्यायात वचन ६, १२, १३ आणि १८ मध्येही ‘देव’ उपपदाशिवाय आहे आणि तिथं कुणीच ‘एखादा देव’ असं भाषांतर करत नाही. पण आपल्याकडचे काही उपदेशक ‘कॉलवेलचा नियम’ म्हणून जे ठोकून देतात, तेही बरोबर नाही. ई. सी. कॉलवेल यांनी १९३३ साली एवढंच दाखवलं, की क्रियापदाच्या आधी आलेलं निश्चित विधेयनाम, म्हणजे उद्देश काय आहे ते सांगणारं नाम, बहुधा उपपद घेत नाही. उपपद नसलेलं प्रत्येक विधेयनाम निश्चितच असतं, असा उलटा नियम त्यातून निघत नाही. अशा जागी नाम बहुधा गुण सांगतं, म्हणजे शब्द कोणत्या स्वरूपाचा होता ते. शिवाय तिथं उपपद असतं तर शब्द आणि पिता एकच व्यक्ती ठरले असते, आणि ‘शब्द देवाबरोबर होता’ हा आधीचा तुकडाच कोसळला असता.

म्हणून व्याकरणाशी झटत बसू नका, दोन ओळी खाली या. तिसरं वचन सांगतं की जे काही झालं ते त्याच्याद्वारे झालं, आणि त्याच्याशिवाय काहीच झालं नाही. निर्माण झालेल्या सगळ्याच्या पलीकडे योहान शब्दाला बसवतो. ‘एक देव’ म्हणणाऱ्यांना विचारा : जे जे निर्माण झालं ते सगळं त्याच्याद्वारे झालं, तर तो स्वतः निर्माण झालेल्यांत कसा बसेल?

प्रश्न : ‘मी आणि पिता एक आहोत’ (योहान १०:३०) एवढं एकच वचन पुरेसं नाही का? (दिग्रस)

उत्तर : नाही. तिथला ‘एक’ हा ग्रीक शब्द ‘हेन’, नपुंसकलिंगी. ‘एक व्यक्ती’ म्हणायचं असतं तर पुल्लिंगी ‘हेइस’ आला असता. आणि योहान १७:२२ मध्ये येशू शिष्यांसाठी हाच शब्द वापरून मागणी करतो, की जसे आपण एक तसे तेही एक असावेत. समोरच्यानं ते वचन काढलं की तुमचा पुरावा तिथंच संपतो. १०:३० वापरायचंच असेल तर २८ ते ३८ सलग वाचा. माझ्या हातातून आणि पित्याच्या हातातून मेंढरं कुणी हिसकावणार नाही, हा त्या एकपणाचा पहिला अर्थ.

प्रश्न : मग येशू देव आहे हे शास्त्रात सर्वांत पक्कं कुठं दिसतं? (मंगरूळपीर)

उत्तर : बहुतेक जण येशूचा शिष्य थोमा याचे उद्गार सांगतील, ‘माझा प्रभू आणि माझा देव’ (योहान २०:२८). ते पक्कंच आहे. ग्रीकमध्ये तिथं उपपदही आहे आणि येशू थोमाला अडवत नाही. पण आमच्या मते त्याहून जुना आणि जास्त खोल पुरावा पौलाच्या पत्रांत आहे, आणि मराठी वाचकाच्या हातून तो हमखास निसटतो. का निसटतो, तेच आधी बघू.

जुन्या करारात देवाचं इब्री नाव चार अक्षरी आहे. मराठी शास्त्रात तिथं ‘परमेश्वर’ छापतात. येशूच्या आधीच्या काळात यहुद्यांनी जुना करार ग्रीकमध्ये आणला. नव्या कराराच्या लेखकांना त्या नावाच्या जागी ‘किरियोस’, म्हणजे ‘प्रभू’, हाच शब्द ओळखीचा होता. नवा करार ग्रीकमध्येच लिहिला गेला, म्हणून तिथं ‘प्रभू’. ग्रीक वाचणाऱ्याला जुन्या-नव्यात एकच शब्द दिसायचा. आपल्याला एकीकडे ‘परमेश्वर’ आणि दुसरीकडे ‘प्रभू’ दिसतो आणि धागा तुटतो.

तो जोडायचा असा. वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे योएल २:३२ लिहा : जो कोणी परमेश्वराच्या नावानं धावा करील तो तरेल. उजवीकडे रोमकरांस १०:१३ : तेच वाक्य, ‘प्रभू’ घालून. आता रोम. १०:९ वाचा. तिथं हा प्रभू कोण ते पौलानं आधीच सांगितलंय : येशू. दुसरी जोडी, यशया ४५:२२-२३ आणि फिलिप्पैकरांस २:१०-११. यशयात देव म्हणतो, मीच देव, दुसरा कोणी नाही, माझ्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. पौल तो गुडघा येशूच्या नावापुढे टेकवतो, तेही ‘देवपित्याच्या गौरवासाठी’. तिसरी जोडी, यशया ४०:३ आणि मार्क १:३. वाट परमेश्वराची तयार करायची होती; मार्कमध्ये त्या वाटेवरून येशू येतो.

या तिन्हींवर १ करिंथकरांस ८:६ ठेवा. ‘परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच’ ही अनुवाद ६:४ मधली ओळ प्रत्येक यहुदी रोज म्हणायचा. पौल तिचेच शब्द घेतो आणि लिहितो : आपल्याला एकच देव, म्हणजे पिता, आणि एकच प्रभू, म्हणजे येशू ख्रिस्त. तो दुसरा देव जोडत नाही, त्या एकाच कबुलीच्या आत येशूला बसवतो. हे पत्र वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांतलं आहे. यहुदी माणसानं एवढ्या लवकर हे लिहावं, हे विलक्षण आहे.

एक सावधगिरी बाळगा. प्रत्येक ‘किरियोस’ म्हणजे परमेश्वर नव्हे. योहान ४:११ मध्ये शोमरोनी बाई येशूला तोच शब्द वापरते, आणि तिथं तो नुसता ‘महाराज’ आहे. जुन्या कराराचं अवतरण असेल तिथंच हा पुरावा चालवा. साक्षीदारांच्या भाषांतरात रोम. १०:१३ ला ‘यहोवा’, म्हणजे तेच चार अक्षरी नाव, छापलेलं दिसेल. पण नव्या कराराच्या हाती असलेल्या एकाही ग्रीक हस्तलिखितात ते नाव नाही.

प्रश्न : ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’, ‘तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही’ ही वचनं आली की आमचे पाळक विषय बदलतात. काहून? (वरुड)

उत्तर : बदलू नये. ही वचनं लपवण्यासारखी नाहीत. योहान १४:२८, मार्क १३:३२, मार्क १०:१८ (‘मला उत्तम का म्हणतोस?’), योहान १७:३ (‘तू जो एकच खरा देव’) आणि १ करिंथ. १५:२८ या पाचांना ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याचं त्रैक्य अर्धं शास्त्र वाचून केलेलं आहे. मार्क १३:३२ शी जुळणाऱ्या मत्तय २४:३६ मध्ये ‘पुत्रालाही’ हा शब्द काही हस्तलिखितांत गाळलेला आहे. नकलाकारांनाही तो जड गेला असावा. मार्कमध्ये मात्र तो ठाम आहे.

मंडळीचं उत्तर ४५१ साली खल्कदोनच्या सभेत ठरलं : येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन स्वभाव, एकच व्यक्ती, स्वभावांची भेसळ नाही आणि फारकतही नाही. माणूस म्हणून त्याला भूक लागते, तो दमतो, रडतो, आणि काही गोष्टी त्याला ठाऊक नसतात. ‘थोर’बद्दल साधं उदाहरण : सरपंच गावकऱ्यांपेक्षा पदानं मोठा, पण माणूसपणात तसूभरही जास्त नाही. फिलिप्पै २:६-८ हेच सांगतं, देवाच्या रूपात असून त्यानं दासाचं रूप घेतलं. मात्र हे दोन स्वभावांचं स्पष्टीकरण शास्त्रातली वचनं जुळवून काढलेलं आहे, एका वचनात आयतं मिळत नाही. समोरच्याला तसं स्पष्ट सांगा. पुत्र हा निर्माण केलेला आहे असं शिकवणाऱ्या एरियसनं चौथ्या शतकात नीतिसूत्रे ८:२२ आणि योहान १४:२८ वरच आपला पक्ष उभा केला होता. तो अडाणी नव्हता, शास्त्र वाचणारा मंडळीचा वडील, म्हणजे धर्मसेवक, होता.

प्रश्न : इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात १ योहान ५:७ ला ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा’ असं आहे. माझ्या मराठी शास्त्रात फक्त आत्मा, पाणी, रक्त आहे. कुणी काढून टाकलं? (धामणगाव)

उत्तर : काढलं नाही, घातलं होतं. ती ओळ लॅटिन परंपरेत उगवली. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती नाही, आणि चौथ्या शतकात एरियसशी झगडणाऱ्या ग्रीक धर्मगुरूंनीही ती वापरली नाही. हातात असती तर पहिली तीच काढली असती. इरॅस्मसनं छापलेल्या ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ती नव्हती. १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत, सोळाव्या शतकातलं एक ग्रीक हस्तलिखित पुढे आल्यावर, ती शिरली आणि तिथून १६११ च्या किंग जेम्समध्ये गेली. तुमचं मराठी शास्त्र बरोबर आहे. त्रैक्यासाठी हे वचन कधीच वापरू नका. समोरच्याला ही हकिगत ठाऊक असली तर तुमची बाकीची नऊ वचनंही तो ऐकणार नाही.

१ तीमथ्य ३:१६ चंही असंच. ‘देव देहात प्रकट झाला’ की ‘जो देहात प्रकट झाला’? जुन्या लिपीत ‘जो’ म्हणजे ‘ओएस’ ही दोन अक्षरं, आणि ‘देव’चं आखूड रूप म्हणजे तीच दोन अक्षरं, पहिल्याच्या पोटात एक आडवी रेघ आणि वर एक रेघ. आपल्याकडे अनुस्वारानं अर्थ फिरावा तसं. जुने साक्षीपुरावे ‘जो’ कडे आहेत.

प्रश्न : मोबाईलवर फिरतंय की ३२५ साली कॉन्स्टंटाइन बादशहानं मतदान घेऊन येशूला देव बनवलं. (मूर्तिजापूर)

उत्तर : येशू देव की निव्वळ माणूस, हा प्रश्न ३२५ सालच्या त्या निकैयाच्या धर्मसभेपुढे नव्हताच. एरियसही पुत्राला ‘देव’ म्हणत होता. पण तो निर्माण केलेला, आणि ‘तो नव्हता असा एक काळ होता’ हे त्याचं म्हणणं. सभेनं ‘होमोऊसियोस’, म्हणजे पित्याशी एकाच तत्त्वाचा, हा शब्द घेतला. एरियसबरोबर दोन बिशपांनी सही नाकारली आणि त्यांना हद्दपार केलं. बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची, हे तिथं ठरलं नाही. पवित्र आत्म्यावर एकच ओळ होती. ती ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला वाढवली.

बादशहाच्या हुकमानं वाद मिटला, हेही खोटं. पुढे राजदरबार बराच काळ एरियसच्या बाजूला झुकलेला होता, आणि निकैयाचा कैवारी अथनासियस याला पाच वेळा परागंदा व्हावं लागलं. खुद्द कॉन्स्टंटाइनला ३३७ साली मरणापूर्वी बाप्तिस्मा दिला तो एरियसला सांभाळणाऱ्या बिशपानं. आणि येशूची उपासना? निकैयाच्या दोनशे वर्षं आधी, इ.स. ११२ च्या सुमारास, रोमन अधिकारी प्लिनी यानं त्राजान बादशहाला कळवलं, की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. प्लिनी ख्रिस्ती नव्हता, त्यांना शिक्षा देत होता. ‘त्रैक्य’ हा शब्द शास्त्रात नाही, हे मात्र खरं. लॅटिनमध्ये तो इ.स. २०० च्या आसपास तर्तुलियन वापरतो.

प्रश्न : आमची आजी सांगते, पाणी, बर्फ आन् वाफ तिन्ही एकच, तसंच त्रैक्य. हेबी चूक हाये का? (दर्यापूर तालुका)

उत्तर : आजीचा भाव खरा, उदाहरण अडचणीचं. तेच पाणी एका वेळी एकच रूप घेतं. म्हणजे देव कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा असा वेष बदलतो असं होतं. तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावानं ओळखलेली ही शिकवण मंडळीनं नाकारली, कारण येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी (मत्तय ३:१६-१७) पुत्र पाण्यात आहे, आत्मा उतरतोय आणि पित्याची वाणी येतेय, तिन्ही एकाच वेळी. बेलाच्या पानाचं उदाहरण उलट बाजूला घसरतं : त्रिदलातलं एक दल म्हणजे अख्खं पान नव्हे. संत्र्याच्या फोडींचंही तेच. पुत्र देवाचा तिसरा हिस्सा नाही. ‘त्रैक्य’ हा मराठी शब्दच जास्त कामाचा आहे : त्रि आणि ऐक्य, दोन्ही एकाच शब्दात उभे. ‘तीन व्यक्ती’ म्हणताना तेवढं सांभाळा. आपल्या कानाला ते तीन सुटी माणसं वाटतात. त्यामागच्या ‘हिपोस्तासिस’ या ग्रीक शब्दाचा तसा अर्थ नाही.

प्रश्न : आम्ही महानुभाव घराण्यातले. परमेश्वर कृपेनं मनुष्यदेह धरतो, हे आम्हीही मानतो. मग तुमचा येशू आमच्यासाठी अवतारच नाही का? आणि त्रैक्य म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेशच की काय? (रिद्धपूर परिसर)

उत्तर : आलेल्या पत्रांत हे सर्वांत मोलाचं. आधी त्रिमूर्ती. तिथं उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामं वाटलेली आहेत. त्रैक्यात कामाची वाटणी नाही, निर्मिती पित्याची तशी पुत्राचीही (कलस्सै. १:१६), आणि आत्माही तिच्यात आहे (उत्पत्ती १:२). तेव्हा त्रिमूर्ती हे उदाहरण दोन्ही बाजूंना अन्याय करतं.

महानुभाव विचार जास्त जवळचा आहे, आणि तो दुवा जपून धरावा असं आम्हाला मनापासून वाटतं. परमेश्वर एकच, देवता त्याहून वेगळ्या आणि खालच्या, जीव आपल्या बळावर सुटत नाही, सोडवायला परमेश्वर स्वतः येतो. एवढं मान्य असणाऱ्याला योहान पहिला अध्याय परका वाटणार नाही. ‘एक देव होता’ हे भाषांतर का खटकतं, तेही त्याला लगेच कळेल, कारण परमेश्वर आणि देवता यांत गल्लत करणं त्याला आधीच अमान्य आहे.

फरक तीन ठिकाणी. महानुभावांचे पंचकृष्ण, म्हणजे परमेश्वराचे अवतार, पाच; येशूचं येणं ‘एकदाच’ (इब्री ९:२६). दुसरं, येशू पित्याची प्रार्थना करतो, त्याच्याशी बोलतो. म्हणजे देवत्वाच्या आतच प्रीतीचं नातं आहे, आणि त्रैक्याचा सगळा गाभा तोच आहे. तिसरं, तो देह टाकून जात नाही. पुनरुत्थानानंतर हात-पाय दाखवतो आणि मासा खातो (लूक २४:३९-४३). ‘अवतार’ शब्द वापरायला हरकत नाही, पण हे तीन फरक त्याच बैठकीत सांगा. नाहीतर ऐकणारा येशूला सहावा म्हणून मोजील, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

प्रश्न : मुसलमान शेजारी विचारतात, देवाला मुलगा तर बायको कोण? (बाळापूर)

उत्तर : ‘पुत्र’ हे देहाच्या जन्माचं नातं नाही, असं आधी सांगा. कुराण ५:११६ मध्ये ईसा आणि त्याची आई यांना देव मानण्याचा प्रश्न येतो. मरिया त्रैक्यात नाही आणि कधी नव्हती, एवढं म्हटलं तरी बोलणं सुरळीत होतं. कुराण ४:१७१ ‘तीन म्हणू नका’ सांगतं, आणि त्याच आयतीत ईसाला अल्लाहचा ‘कलिमा’, म्हणजे शब्द, म्हणतं. तिथून योहान १:१ कडे जाता येतं. मतभेद उरेलच, तो उरू द्या.

प्रश्न : गावात नवे प्रचारक म्हणतात, ‘पिता, पुत्र, पवित्र आत्मा’ म्हणून घेतलेला बाप्तिस्मा बाद, येशूच्या नावानं पुन्हा घ्या. (उमरखेड तालुका)

उत्तर : पुन्हा घेऊ नका. प्रेषितांची कृत्ये २:३८, ८:१६, १०:४८, १९:५ मध्ये ‘येशूच्या नावानं’ आहे हे खरं. पण कोणाच्या अधिकारानं, ते तिथं सांगितलंय, विधीचे शब्द दिलेले नाहीत. शब्द मत्तय २८:१९ मध्ये आहेत, आणि तिथं ‘नाव’ एकवचनी आहे, नावं तिघांची.

प्रश्न : यावर मंडळीत अभ्यास घ्यायचाय. कसा घ्यावा? (पुसद)

उत्तर : सहा आठवडे, आठवड्याला एक संध्याकाळ, तासाभरापेक्षा जास्त नको, वेचणीच्या दिवसांत माणसं थकलेली असतात. दहा-बाराच जण बसवा. प्रत्येक वेळी एकच उतारा, किमान पंधरा वचनं, दोनदा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यांदा दुसऱ्या भाषांतरातून. पहिल्या वीस मिनिटांत दुसरं वचन काढायला बंदी. हा नियम मोडला की सभा वचनांच्या फेकाफेकीत संपते, आणि ज्याला जास्त पाठ तो जिंकतो. क्रम असा ठेवा : मार्क २:१-१२ (पापांची क्षमा कोण करू शकतो?), योहान १:१-१८, योहान ५:१६-३०, फिलिप्पै २:१-११ यशया ४५ सोबत, योहान १४:१५-३१. शेवटच्या संध्याकाळी मार्क १३:२४-३७ आणि योहान २०:१९-३१ शेजारी शेजारी वाचा, आणि वेगळं मत असलेल्या शेजाऱ्यालाही बोलवा. आधी त्याला बोलू द्या.